चुलीचे धुराडे का तुंबते?



सातपुड्यातील पाड्यांवर निर्धूर चुली आणि धुराडी बसवण्याच्या कामाला आपल्यापैकी अनेकांचा हातभार लागतो. पाडे पाहून गेलेल्या काही जणांनी परत गेल्यावर एकच गोष्ट विचारली. वर्ष-दीड वर्षापूर्वी बसवलेल्या धुराड्याच्या सांध्यातून काळे, चिकट, उग्र वासाचे पाणी भिंतीवर ओघळलेले दिसते, ते कशाचे? पाइप गळका निघाला का? आणि धुराडे असूनही घरात धूर का?

प्रश्न रास्त आहे. पाइप बहुतेक वेळा चांगलाच असतो. दोष शोधायचा तर अंगणात रचलेल्या सरपणापासून सुरुवात करावी लागते.

लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ते सरळ जळत नाही. तापू लागले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते. मग लाकडातून जळाऊ वायू आणि डांबरासारख्या पदार्थांच्या वाफा निघतात. चुलीत जी ज्वाला दिसते ती या वायूंची. सगळे वायू ज्वालेतच जळाले तर धुराड्याच्या तोंडाशी जवळजवळ काहीच दिसत नाही. ज्वाला थंड पडली किंवा हवा अपुरी मिळाली की ते अर्धवट राहतात आणि धूर होऊन वर जातात. भात शिजताना झाकणाला आतून पाणी धरते, तसाच हा धूर पाइपच्या थंड भिंतीला लागून तिथे धरतो. भिंत साधारण १२० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असली की हे घडते. त्यात काजळी मिसळते, थरावर थर बसतो. या थराला क्रिओसोट म्हणतात.

सुरुवातीला तो मऊ, भुरभुरीत काजळीसारखा असतो आणि चिंध्या बांधलेल्या काठीने झडतो. पुढे त्याचे कुरकुरीत, चकचकीत पापुद्रे बनतात. याकडेही दुर्लक्ष झाले तर आतून लाखेचा लेप द्यावा तसा कडक, गुळगुळीत थर तयार होतो. तो काठीने निघत नाही. बऱ्याचदा पाइपच बदलावा लागतो. लाकडाच्या धुरात आम्लही असते, व्हिनेगरमध्ये असते तेच. पत्र्याचा पाइप बाहेरून धड दिसत असताना आतून खाल्ला जातो तो त्यामुळे.

क्रिओसोट या नावाची थोडी गंमत सांगते. १८३२ साली कार्ल रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या डांबरातून हा पदार्थ वेगळा काढला. त्याने मांस कुजत नाही हे पाहून ग्रीक भाषेतील क्रेआस, म्हणजे मांस, आणि सोतेर, म्हणजे राखणारा, या शब्दांवरून हे नाव तयार केले. नव्या कराराचे थोडेफार ग्रीक शिकलेल्यांना सोतेर ओळखीचा वाटेल. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘तारणारा’ येतो तो याच शब्दासाठी. पाइप घाण करणाऱ्या पदार्थाला हे नाव कसे, असे वाटेल. पण पाड्यावरच्या आजीला त्यात नवल वाटणार नाही. पुढच्या पेरणीसाठी राखलेली मक्याची कणसे ती चुलीवरच्या आढ्याला टांगते. धुराने बियाण्याला कीड लागत नाही, आणि छपराच्या बांबूला भुंगेरा लागत नाही. धुराडे बसवायला गेल्यावर पहिला विरोध होतो तो इथेच: धूर बाहेर घालवलात तर बियाणे कशात ठेवू? हा अडाणीपणा नाही, अनुभव आहे. बियाण्यासाठी घट्ट झाकणाची कोठी दिल्याशिवाय धुराड्याची गोष्ट पुढे जात नाही, आणि जाऊही नये.

आता सरपणाकडे वळते. नुकत्याच तोडलेल्या हिरव्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे एक किलो लाकूड चुलीत सारले म्हणजे अर्धा लिटर पाणीही सारले. ते पाणी उकळून वाफ करण्यात त्या लाकडाच्या उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा जातो. एवढाच तोटा असता तर सोसला असता. पण पाणी निघेपर्यंत लाकूड पुरेसे तापत नाही, ज्वाला धरत नाही, वायू न जळताच वर जातात, आणि ती वाफही त्याच थंड पाइपात पुन्हा पाणी होते. डांबर आणि पाणी एकत्र होऊन खाली उतरतात. भिंतीवर ओघळणारे काळे पाणी ते हेच. एका घरातली बाई मला म्हणाली होती, “ताई, आमचा पाइप रडतो.” याहून नेमके वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

कोणत्या झाडाचे लाकूड चांगले, असे विचारतात. डिंकाचे लाकूड काळा धूर जास्त सोडते हे खरे, पण झाडाच्या जातीपेक्षा ओलाव्याने कितीतरी जास्त फरक पडतो. ओल्या धावड्यापेक्षा वाळलेली तुराटी बरी. चांगल्या वाळलेल्या लाकडात वीस टक्क्यांहून कमी पाणी असते. तिथे पोचायला फोडलेल्या लाकडाला सहा महिने ते वर्ष लागते, जाड आणि कठीण लाकडाला त्याहूनही जास्त. न फोडलेला ओंडका सालीखाली ओल धरून बसतो, म्हणून फोडायचे ते रचण्याआधी, चुलीत घालायच्या दिवशी नव्हे. ओळखायला यंत्र लागत नाही. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटलेली असते, हाताला ते हलके लागते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टणक, खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बसका येतो, आणि जळताना त्याच्या मागच्या टोकाला फेस सुटतो. चुलीसमोर बसलेल्या कुठल्याही बाईने तो फेस हजारदा पाहिलेला असतो. त्याचा पाइपशी संबंध आहे, एवढेच सांगायचे असते.

हे सांगणे सोपे. लाकूड डोक्यावरून येते. चैत्र-वैशाखात जंगलात वाळलेल्या काटक्या मिळतात तेव्हाच रोजगारासाठी घरातली निम्मी माणसे गुजरातेत गेलेली असतात. पावसाळ्यात मागे राहिलेली म्हातारी किंवा मुलगी जवळ जे मिळेल ते आणते, आणि ते ओलेच असते. म्हणून मला वाटते, धुराड्याच्या आधी सरपणाचा मांडव हवा. चार खांब, जमिनीपासून हातभर उंच बांबूची माच, वर पत्रा किंवा पळसाच्या पानांचे छप्पर, आणि बाजू मोकळ्या. सरपण आडवे-उभे रचायचे, मधून वारा खेळला पाहिजे. चारी बाजूंनी प्लास्टिकने गुंडाळून ठेवले तर ओल आतच कोंडते. प्रेमाने दिलेल्या ताडपत्रीचा असा उपयोग झालेला मी पाहिला आहे. रोजचे लागणारे लाकूड आदल्या दिवशी चुलीजवळ आणून ठेवले तर थोडी ओल तिथेही निघते. मात्र चुलीच्या तोंडाला अगदी लागून ठेवायचे नाही, ठिणगी पडते.

दुसरे कारण जाळण्याच्या पद्धतीत आहे. बारीक ढलप्या थोड्या थोड्या पुढे सारत, राख काढून हवा मोकळी ठेवत जाळले तर जाळ तापट राहतो. मोठा ओंडका आत लोटून तो तासन्‌तास धुमसत ठेवला तर पाइप भरतो. पण थंडीत लोक तेच करतात, आणि का करतात हे समजून घ्यायला हवे. तोरणमाळ हजार मीटरहून उंचावर आहे. पौषातल्या रात्री कुडाच्या घरात चूल हीच शेकोटी असते, आणि रात्रभर ऊब हवी म्हणून ओंडका ठेवतात. त्याच रात्री बाहेरचा पाइप सर्वांत थंड असतो. धूर जास्त आणि भिंत थंड, दोन्ही एकाच वेळी. एका हिवाळ्यात साठणारा थर उरलेल्या वर्षापेक्षा जास्त असू शकतो.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. राखेत पुरलेले निखारे सकाळी पुन्हा चूल पेटवायला ठेवण्याची जुनी रीत पाइपच्या दृष्टीने ठीक आहे. निखारा होईपर्यंत लाकडातले वायू जळून गेलेले असतात, त्याचा धूर होत नाही. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. धुराडे तुंबलेले असेल आणि थंडीसाठी दार-झरोके बुजवून सगळे झोपले असतील, तर माणूस झोपेतून उठत नाही. म्हणून घरात निखारा आहे तोवर एक झरोका उघडा, हा नियम आमच्या सेविका प्रत्येक घरी सांगतात, कडाक्याच्या थंडीतही.

पाइप कसा बसवला यावरही पुष्कळ अवलंबून असते. जितका भाग घराच्या आतून सरळ वर जाईल तितका तो गरम राहतो. भिंतीतून लगेच बाहेर काढून उघड्यावर उभा केलेला पाइप गारठतो. प्रत्येक वळणावर काजळी बसते, म्हणून वळणे कमी. तोंड छपराच्या माथ्यापेक्षा वर असावे, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. वरची टोपी उडून गेली की पावसाचे पाणी आत शिरून थर भिजतो. टोपीला पाखरांसाठी बारीक जाळी लावली असेल तर सर्वांत आधी तीच तुंबते.

तुंबणे म्हणजे किती, याचा हिशेब शाळेतला आहे. चुलीचा पाइप बहुधा ७५ मिलिमीटर व्यासाचा असतो. आतून सगळीकडे ५ मिलिमीटर थर बसला की धुराची वाट चौथ्या हिश्शाने कमी होते. थर १० मिलिमीटर झाला, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा, तर जवळजवळ निम्मी वाट गेली. मग ओढ कमी होते, चुलीला हवा मिळत नाही, जाळ मंदावतो, धूर वाढतो, थर आणखी वाढतो. शेवटी धूर चुलीच्या तोंडातून आणि वैलावरच्या भांड्याच्या कडेने घरात येतो. बाई फुंकणी घेऊन बसते. तिला वाटते चूल बिघडली, आणि ती अंगणात तीन दगड मांडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू घरातल्या धुराशी निगडित होते. त्यात बायका आणि लहान मुले पुष्कळ. त्या तीन दगडांपाशी परत जाणे म्हणजे काय, हे यावरून कळेल.

ही आजची गोष्ट नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७च्या सुमारास मगन चूल तयार झाली, तिलाही धुराडे होते. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ पर्यंत चालला, आणि देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. त्यातल्या कितीतरी काही वर्षांतच मोडल्या किंवा सोडून दिल्या गेल्या. पुढे ओडिशात रीमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. धुराड्याच्या मातीच्या चुलींनी पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी केला. नंतर फरक उरला नाही. लोक चुली नियमित वापरत नव्हते, दुरुस्ती आणि निगा होत नव्हती. चूल वाईट नव्हती. ती एकदा देऊन संपणारी वस्तू आहे असे देणाऱ्यांनी धरले होते. मी हे देणगीदारांसमोर मुद्दाम मांडते आहे, कारण अहवालात “इतकी धुराडी बसवली” हा आकडा छान दिसतो आणि “इतकी धुराडी तिसऱ्या हिवाळ्यातही चालू आहेत” हा आकडा कोणी विचारत नाही. तो विचारावा. दहाऐवजी सात घरांना धुराडे मिळाले, पण सातही घरांना मांडव, झाडायची काठी आणि सेविकेची फेरी मिळाली, तर मला तो सौदा पसंत आहे.

साफसफाईत अवघड असे काही नाही. चूल पूर्ण गार असताना, म्हणजे पहाटे पेटवण्याआधी, भांडी आणि धान्य झाकून ठेवायचे, नाका-तोंडाला ओले फडके बांधायचे. लांब बांबूच्या टोकाला गोणपाटाचे बोचके घट्ट बांधून पाइपमधून वर-खाली फिरवायचे. पाइपच्या पायथ्याशी आणि वैलाकडे जाणाऱ्या बोगद्यात जमलेली काजळी व राख हाताने काढायची. पाइप स्वच्छ आणि बोगदा बुजलेला, असेही होते. पावसाळ्यात व थंडीत महिन्यातून एकदा, एरवी दोन महिन्यांनी हे केले तर पापुद्र्यांची वेळ सहसा येत नाही. आतला थर तीन मिलिमीटर, म्हणजे दोन नाण्यांच्या जाडीएवढा दिसला तर महिन्याची वाट पाहू नये. जुन्या चुलींचे पाइप ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे असतात. ते तारेच्या ब्रशने किंवा विळ्याने कोरडे खरवडू नयेत. त्याचे बारीक तंतू श्वासात गेले तर फुप्फुसाला कायमची इजा होते. ओल्या गोणपाटाने हलक्या हाताने पुसावेत, आणि पाइप तडकला असेल तर बदलावा.

छपरावर चढून वरून झाडायचे असेल तर ते काम कोण करणार? चूल बाईची, म्हणून धुराडेही बाईचे, असे घरात धरले जाते, आणि बाई छपरावर चढत नाही. काम राहते. यावर दोन उपाय चालले आहेत. नवीन चुलीच्या पाइपला खाली झाकणाचे तोंड ठेवायचे, म्हणजे घरातूनच झाडता येते. आणि पाड्यातल्या दोन तरुणांनी ठरलेल्या दिवशी घरोघरी फिरायचे. दुसरा उपाय ते स्थलांतराला गेले की बंद पडतो, म्हणून माझा भर पहिल्यावर आहे.

झाडलेच नाही तर काय होते तेही सांगायला हवे. क्रिओसोट जळाऊ आहे. एखाद्या संध्याकाळी तुराट्या, पाचोळा किंवा कागदाचा मोठा जाळ वर चढला की आतला थर पेट घेतो. पाइपमधून गाडी धडधडत जावी तसा आवाज येतो, वरून ठिणग्यांचा फवारा उडतो, पत्रा लाल होतो. आतली उष्णता हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. आजूबाजूला बांबू, कूड, गवताचे छप्पर. अशा वेळी आधी माणसे आणि गुरे बाहेर. मग जमल्यास चुलीचे तोंड आणि वैल ओल्या चिखलाने किंवा पत्र्याने बुजवायचे. हवा तोडली की आग मंदावते. पाणी पाइपमध्ये ओतायचे नाही, तापलेला पाइप तडकतो आणि उकळती वाफ अंगावर येते. पाणी टाकायचे ते छपरावर आणि पाइपच्या भोवती. आग विझल्यासारखी वाटली तरी पाइप छपरातून जातो तिथला बांबू आतून धुमसत असतो, म्हणून रात्रभर कोणीतरी जागे राहायचे. पाइप आणि छपराचे गवत यांमध्ये वीतभर मोकळी जागा सोडून तिथे मातीचे जाड कडे लिंपलेले असेल तर बरेचसे संकट टळते. बसवतानाच ते करून घेण्याचा आग्रह धरावा.

“आता गॅस आला, मग चूल कशाला?” असेही आपण विचारता. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या पाड्यांवरही पुष्कळ घरांत शेगडी आहे. पाहुणा आला की चहा तिच्यावर होतो. सिलिंडर संपला की तो भरून आणायला घाट उतरावा लागतो आणि रोख पैसे लागतात. भाकरी, गुरांचे आंबोण, अंघोळीचे पाणी आणि थंडीतली ऊब चुलीवरच होते. गॅस भरायला मदत करता आली तर जरूर करावी, पण अजून काही वर्षे धुराड्याची निगा सोडता येणार नाही.

पुढच्या वेळी पाड्यावर आलात तर धुराड्याचा फोटो घ्याच, पण आधी दोन ठिकाणी नजर टाका. सरपण कुठे आणि कसे रचले आहे ते पाहा. आणि चूल पेटलेली असताना अंगणात उभे राहून पाइपचे तोंड पाहा. पेटवल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे धूर दिसणारच. त्यानंतरही दाट पांढरा किंवा पिवळसर धूर निघत असेल तर लाकूड ओले आहे. तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली तर चूल नीट जळते आहे.